पहिल्या धारेचा मान

साखऱ्याच्या माणिकरावांना जनावरांतलं काही कळत नाही, हे त्यांच्याखेरीज सगळ्या गावाला माहीत होतं. यंदा त्यांनी हिंगोलीच्या बाजारातून म्हैस आणली. कासेवर दोन-तीन फोड होते. विकणारा म्हणाला, बोरीचे काटे लागलेत. माणिकरावांनी ते लगेच मानलं, कारण तोवर त्यानं त्यांना पाचदा 'पारखी माणूस' म्हटलं होतं.

त्यांच्या घरची रीत अशी, की नवी म्हैस दावणीला आली की पहिली धार घरधन्यानं काढायची आणि देवापुढं ठेवायची. पुढं वर्षभर म्हशीकडं बघितलं नाही तरी चालतं. रोजच्या धारेचं काम तांड्यावरच्या भिकाबाईचं. गावातल्या चार गोठ्यांत तीच धार काढायची, आणि लाथाळ म्हैससुद्धा तिच्या हाताखाली गुमान उभी राहायची. माणिकरावांनी एकदा धार काढली आणि पंधरा दिवस पारावर तेच सांगितलं.

मग म्हशीची सगळी कास फोडांनी भरली. मागोमाग भिकाबाईच्या बोटांवरही फोड उठले, त्यांची आग होऊ लागली. माणिकरावांना तर पळवाटच सापडली. बाजारात आपण फसलो म्हणण्यापेक्षा बाईचं नाव घेणं सोपं.

"हिच्या हातानंच रोग आणला," ते गावभर सांगत सुटले. "तांड्यावर कोण हात धुऊन राहिलं?"

चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. भिकाबाई धारेआधी कास आणि हात दोन्ही कोमट पाण्यानं धुवायची. माणिकरावांचा हात तंबाखू मळण्यापलीकडं कशाला लागत नव्हता. पण गावानं ऐकलं कुणाचं? तीन दिवसांत बाकीच्या तिन्ही घरांनीही तिला दारातूनच परत पाठवलं. भिकाबाईला रडू आलं, आणि रडूपेक्षा राग जास्त आला. तिचं पोट त्या दहा बोटांवर होतं. ती स्वतः जाऊन जनावरांच्या दवाखान्यातल्या मंजुषा डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

गोठ्यापुढं शेजारीपाजारी जमले. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घालून कास बघितली, मग भिकाबाईची बोटं बघितली.

"हे काटे नाहीत, विषाणू आहे," त्या म्हणाल्या. "माणसाला नागीण होते, त्या कुळातले विषाणू जनावरांतही असतात. ते सहसा माणसाला लागत नाहीत. पण देवी रोगाच्या कुळातला असला तर धार काढणाऱ्याच्या हाताला लागतो. मला तोच वाटतो. नमुना पाठवते. हाताला फोड आधी कुणाला आले?"

"हिलाच," माणिकराव म्हणाले. "दुसऱ्या कोणी हातच लावला न्हाई."

भिकाबाईनं शांतपणे विचारलं, "मालक, पयली धार कोणी काढली?"

"म्याच काढली. आमच्या घरची रीत हाय ती." छाती फुगवून बोलून गेले, आणि मग चिंधी बांधलेला अंगठा पाठीमागं नेला.

"मंग त्या अंगठ्याची चिंधी सोडा."

"इळा लागला मला."

दारात उभ्या त्यांच्या बायकोनं, शालूबाईनं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तोंड उघडलं. "इळा सहा महिने झाले, खुंटीवरून उतरला न्हाई." आणि तिनंच पुढं होऊन चिंधी सोडली.

अंगठ्यावर वाळलेल्या फोडांच्या काळ्या खपल्या होत्या. निम्म्या गळूनही पडल्या होत्या. भिकाबाईचे फोड अजून ओले होते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात शेजारी शेजारी धरून सगळ्यांना दाखवले.

"हे जुनं, हे ताजं. रोग म्हशीबरोबर बाजारातून आला, आणि आधी तुम्हालाच लागला. ठाऊक असून लपवलंत. सांगितलं असतं तर या बाईंचे हात वाचले असते."

माणिकराव बायकोच्या हातातली चिंधी परत ओढू लागले. शेजारचा एकजण पुटपुटला, "भिकाबाई, उद्यापास्नं ये आमच्याकडं."

"बोटं बरी झाल्याबिगर कोणाच्याच कासेला हात लावणार न्हाई," ती म्हणाली. "तुमची जनावरं हायेत, तुमाला फिकीर नसली तरी मला हाय."

"पण या म्हशीची धार रोज काढावी लागेल, नाहीतर कास सुजेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ज्याचा हात बरा होत आलाय त्यानंच मोजे घालून काढावी."

असा हात तिथं एकच होता. भिकाबाईनं चरवी उचलली आणि माणिकरावांच्या पुढ्यात ठेवली.

"बसा मालक. पयल्या धारेचा मान तुमचा. आता दुसरीचाबी घ्या."

सगळ्या गावासमोर पारखी माणूस म्हशीखाली बसला. म्हशीनं पहिल्याच लाथेत चरवी उडवली.