चौतीस बारा

"चौतीस मिनिटं बारा सेकंद," कारकून म्हणाला.

"घड्याळ बिघडलंय तुमचं." सिस्टर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. "परवाच एकतीस चाळीसमध्ये पळालेय मी. ह्यांना विचारा."

"घड्याळं तीन आहेत, ताई. तिन्हींत तेच."

पाच हजार मीटर बत्तीस मिनिटांच्या आत, तरच जिल्ह्याच्या संघात जागा. साठीपुढच्या बायकांचा गट पुढच्या वर्षीपासून बंद होणार होता, कारण पळायला आल्या होत्या इनमिन तीन बायका. पुरुष बावीस होते, त्यांच्या गटाला कोण हात लावणार? पस्तीस वर्षं वॉर्डात दुसऱ्यांची दुखणी काढून झाल्यावर सिस्टरने स्वतःसाठी एवढी एकच हौस ठेवली होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर म्हणजे शाळेचे निवृत्त व्यायामशिक्षक. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर तिची वेळ तेच घ्यायचे. आता ते बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होते.

"अहो, बोला की."

"मैदानाच्या कोपऱ्यातलं पिंप," मास्तर हळूच म्हणाले. "ज्याला वळसा घालतेस ते. दर महिन्याला दोन पावलं आत घेत होतो मी."

तिला आधी कळेचना. मग सहा महिन्यांचा हिशेब लागला: फेरी आखूड होत गेली, म्हणून वेळ वाढली नव्हती. ती तिथेच मातीत बसली.

"मला बघवत नव्हतं गं. साठीनंतर माझी वेळ मिनिटभर वाढली, तुझी पाच. पळतो बरोबरीने, जेवतो एका ताटातलं, आणि घसरतेस तू एकटी. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडायचीस. मला काय ऐकू येत नव्हतं?"

"रडले असते. रडून मेलं नसतं कोणी." तिचा आवाज फाटला. "डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? पाळी गेल्यावर बाईचं बळ झपाट्याने उतरतं, नुसतं पळून भागायचं नाही, वजनं उचला. मी हसले त्यांना. म्हटलं, माझी वेळ जागच्या जागी आहे, मला काय धाड भरलीय? सहा महिने होते हो माझ्या हातात. ते तुम्ही घालवलेत."

मास्तरांनी खांद्याला हात लावला, तो तिने झटकला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचा हात कधी झटकला नव्हता. रोग्याला खोटं सांगू नये हे तिने किती जणांच्या नातेवाइकांना बजावलं होतं, आणि घरातच हा प्रकार. चूक प्रेमाची होती हे तिला दिसत होतं. त्यामुळे राग ओतायला जागाच राहिली नाही.

पुरुषांना हाक आली. मास्तर हलले नाहीत.

"मी नाही पळत."

"तसली भरपाई नको मला. जा."

ते गेले. ती उठून कारकुनाच्या टेबलाशी आली. तिच्या नावापुढे नुसती आडवी रेघ होती.

"वेळ लिहा."

"बत्तीसच्या आत बसत नसेल तर लिहीत नाही आम्ही, ताई. उगाच वाईट दिसतं."

"दिसू दे. सहा महिन्यांत एवढीच एक वेळ खरी आहे."

त्याने रेघ खोडून आकडे लिहिले. बारातला दोन नीट उमटला नव्हता. तिने पेन मागून घेतलं आणि तो स्वतः गिरवला.