सीतारामकाकांचं ‘बरा आहे’

सीतारामकाकांनी जन्मात कधी कुणाचं कौतुक केलं नव्हतं, आणि धम्मदीपचं वर्क परमिट नेमकं त्यांच्याच कौतुकावर येऊन अडलं होतं.

काकांचं कसबा पेठेत तांब्याच्या भांड्यांचं दुकान. येरवड्याचा धम्मदीप आयटीआय झाल्यापासून तिथेच बंब आणि घंगाळं घडवत होता. हॉलंडमधल्या एका कारखान्याला चीजसाठी लागणाऱ्या तांब्याच्या अजस्र कढया करणारे हात मिळेनासे झाले होते. धम्मदीपच्या कामाचे व्हिडिओ त्यांना पसंत पडले. परमिटसाठी अर्ज तेच करणार होते, पण त्याआधी त्याच्या उस्तादांशी एकदा बोलू म्हणाले.

बोलणं झालं. मध्ये दुभाषी म्हणून धम्मदीपची बहीण अपेक्षा बसली होती. स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं, “कारागीर म्हणून तो कसा आहे?”

“बरा आहे,” काका म्हणाले.

“फक्त बरा?”

“काम करतो.”

अपेक्षा सरळमार्गी. तिने शब्दाला शब्द सांगून टाकलं. बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मेल आली, की परदेशी माणूस नेण्यासाठी तो तसाच निष्णात असावा लागतो, सबब अर्ज तूर्त थांबवत आहोत.

इकडे धम्मदीपच्या आईने, कांताबाईंनी, आख्ख्या गल्लीत बातमी करून ठेवलेली. धम्मदीप रडकुंडीला आला. रात्रभर एकच विचार डोकं पोखरत होता, की आपण जाऊ नये म्हणून तर काका मुद्दाम तसं बोलले नसतील?

सकाळी दुकानात पाऊल ठेवताच त्याने विचारलं, “काका, माझं काम वाईट आहे का?”

“वाईट असतं तर इथे उभा केला असता?”

“मग त्या बाईंना चांगलं म्हणायला काय झालं होतं?”

काकांनी हातोडा खाली ठेवला. त्यांच्या मनाला खरोखरच लागलं होतं. “अरे, बरा म्हटलं की! माझ्या वडिलांनी मला मरेपर्यंत तेवढंही म्हटलं नाही.”

धम्मदीपला हसावं की रडावं कळेना. काकांविषयी भलतंसलतं मनात आणल्याची लाजही वाटली. त्याने मेलमध्ये काय आलंय ते सांगितलं.

“म्हणजे त्यांच्याकडे बरा म्हणजे टाकाऊ?”

“तसंच काहीसं.”

“कमाल आहे! लाव फोन.”

अपेक्षाने खटपट करून पुन्हा वेळ मागून घेतली. काका इस्त्रीचा सदरा घालून बसले. कॉल लागला. ‘उत्तम म्हणा, उत्तम,’ अपेक्षा कुजबुजत होती, पण तो शब्द काही त्यांच्या तोंडून फुटेना. दोनदा खाकरून झालं. मग ते एकदम म्हणाले,

“हे बघा बाई, मोठं भांडं आता मला उचलवत नाही. हा गेला की मोठी कामं बंद. घरात म्हणाले, याची जरा निंदा करा, म्हणजे राहील. पण खोटं कसं बोलू? माझ्या हाताखाली पुष्कळ आले नि गेले. मी नसताना माझ्या जागेवर बसायला मी यालाच सांगतो.” ते स्क्रीनकडे वाकले. “आणि याला थंडी सोसत नाही. खोली जरा उबेची बघा.”

शेवटचं वाक्यही अपेक्षाने शब्दाला शब्द सांगितलं. पलीकडच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, “खोलीत हीटर आहे, सांगा त्यांना.”

दिवाळीच्या तोंडावर परमिट आलं. धम्मदीप पेढे घेऊन धावतच दुकानात गेला आणि काकांच्या पाया पडला. काकांनी एक पेढा तोंडात टाकला आणि त्याच्या फोनवरचं परमिट चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून पाहिलं.

“तिकडची पहिली कढई झाली की फोटो पाठव,” ते म्हणाले.

“नक्की, काका.”

“आतल्या बाजूचाही पाठव. चुका काढायला तिथे कोण आहे तुला?”