बापाची सही

खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि दुसऱ्या पानावरच्या रिकाम्या चौकटीवर पेनाचं टोक टेकवलं.

"वडिलांची सही कुठाय?"

"आम्ही त्यांच्याजवळ राहत नाही."

"वारले का?"

"नाही."

"मग घटस्फोट?"

"तोही नाही. आम्ही निघून आलो, एवढंच."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "हे बघ बाळ, ते हयात आहेत म्हटल्यावर सही लागणार आणि उत्पन्नाचा दाखलाही. नाहीतर ते तुम्हाला सांभाळत नाहीत, याचा काहीतरी सरकारी कागद आण. तुझ्या तोंडच्या शब्दावर सरकार कशी फी भरेल? शुक्रवार शेवटचा दिवस, मग ही खिडकी बंद."

मुलीला घरात बारकी म्हणत. आता ती आईपेक्षा वीतभर उंच झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला तिचा नंबर लागला होता. आई एका हॉटेलच्या धोबीखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करायची. सरकारी मदत मिळाली नाही तर कॉलेजचं नाव काढण्यात अर्थ नव्हता.

बाप गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचा. गॅरेजात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. कितीही चेपलेला दरवाजा त्याच्या हाताखाली पुन्हा गुळगुळीत व्हायचा. त्याच हातांनी त्यानं एकदा बायकोचा जबडा मोडला. भाजीत मीठ नव्हतं की जास्त होतं, हेही आता कुणाला आठवत नव्हतं. बारकी खाटेखाली होती. तिथून तिला आईचे पाय दिसत होते, एकदम सैल पडलेले. दवाखान्यातून आई घरी गेलीच नाही, पोरीचा हात धरून थेट दुसरं शहर गाठलं. जबडा वाकडाच बसला. आई अजून एकाच बाजूनं चावते.

आईला सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. म्हणून बारकी न सांगता बसनं जुन्या शहरात, बापाच्या गॅरेजात गेली. भरदुपारी गेली, चार माणसं असतील तेव्हा. पण गॅरेजात शेठ नव्हता, पोरं जेवायला गेली होती. मागच्या शेडमध्ये लहानपणापासून ओळखीचे पेंटर काका तोंडाला फडकं बांधून फवारा मारत होते आणि पुढे मिस्त्री एकटाच एका गाडीच्या बॉनेटवर वाकला होता.

त्यानं तिला लगेच ओळखलं. हात पुसले, स्टूल पुढे केलं.

"केवढी झालीस गं! आईच्या वळणावर गेलीस."

"बाबा, तुमची सही हवी होती. कॉलेजच्या मदतीसाठी. तुम्हाला काही भरायचं नाही."

त्यानं अर्ज घेतला आणि सावकाश वाचला. पत्त्याची जागा तिनं मुद्दाम कोरी ठेवली होती. तिथे त्याचं बोट थांबलं.

"राहता कुठे?"

"सही करा ना, बाबा."

"करतो की. आधी सांग, ती कुठेय?"

"नाही सांगणार."

"माझ्या घरातून माझी बायको पळवलीस, आता माझ्याच सहीवर शिकणार?" आवाज अजून हळूच होता. "बस खाली."

ती बसली नाही. अर्जासाठी तिनं हात पुढे केला, तसा त्यानं तोच हात मनगटात धरून पिळला आणि तिला गाडीवर आदळलं. तिचं कपाळ आरशावर आपटलं. आरसा फुटून खाली पडला. तिनं ओरडायला तोंड उघडलं तर केस धरून त्यानं डोकं मागे खेचलं आणि विचारलं, "कुठे राहते?" ती बोलली नाही. त्यानं तिचा हात गाडीच्या उघड्या दारात ठेवला आणि दार लावलं.

हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. दुखणं त्यानंतर आलं.

"कुठे राहते?"

दार उघडून पुन्हा लावायला तो वाकला, तसा तिनं मोडका हात ओढून घेतला. तिच्या डाव्या हाताला बॉनेटवर पडलेला हातोडा लागला. तिनं तो उचलला आणि अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं त्याच्या खांद्यावर मारला. मिस्त्री गुडघ्यावर बसला. त्याचा हात लोंबत होता आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं ते अगदी पोरासारखं, घाबरून.

तेव्हा ती पळू शकली असती. गॅरेजचं दार उघडं होतं, रस्ता समोर होता.

"उठ ना!" ती किंचाळली. आयुष्यात बापाला तिनं कधी अरेतुरे केलं नव्हतं. "उठ, आता मार! मार ना!" आणि तिनं दुसऱ्यांदा हातोडा हाणला. तो कानाच्या वर बसला. रक्ताची चिळकांडी तिच्या ओठांवर आली. तिसऱ्यांदा हात वर गेला तो पेंटर काकांनी मागून धरला.

"सोड पोरी. मरेल तो. सोड."

चौकीत पोचेस्तोवर संध्याकाळ झाली होती. दवाखान्यातून आलेला मिस्त्री डोक्याला पट्टी, हात गळ्यात बांधलेला, असा बाकाच्या एका टोकाला बसला होता. दुसऱ्या टोकाला बारकी, कोपरापर्यंत प्लॅस्टर. निरोप मिळताच आई कामावरून तशीच बस धरून आली. नवऱ्याला बघताच ती दारात थबकली, पदर तोंडाशी गेला. मग ती आत आली आणि दोघांच्या मधे बसली.

फौजदार वैतागलेला होता. "दोघांच्या तक्रारी घेतल्या तर दोघंही कोर्टात फिराल. बाप-लेक आहात, मिटवून टाका."

मिस्त्री लगेच म्हणाला, "मी सही करतो. आत्ता करतो. तिनं तक्रार करायची नाही, मीही करत नाही. घरातलं भांडण घरात."

आईनं पोरीकडे पाहिलं. सही समोर होती. एक रेघ ओढली की काम फत्ते होणार होतं. "मी तेव्हा गप्प बसले," आई म्हणाली. "आता मी काही सांगणार नाही. तू ठरव."

"लिहून घ्या," बारकी म्हणाली.

"तुझ्यावरही होईल, कळतंय का?" फौजदारानं पेन खाली ठेवलं. "हातोडा तुझ्या हातात होता."

"माझंही लिहा. दोनदा मारलं असं लिहा."

घरी आल्यावर आईनं तिला भात कालवून भरवला.

"पहिला मारलास ते कळलं मला," आई म्हणाली. "दुसरा कशाला?"

"बरं वाटलं."

आईचा घास हातातच राहिला. बारकीला रडू फुटलं, ते आवरेना. "आई, खूप बरं वाटलं गं मला."

आईनं तिला जवळ घेतलं, पण त्याआधी क्षणभर ती मागे सरकली होती. बारकीनं ते पाहिलं.

शुक्रवारी खिडकीपुढे रांग होती. बाईंनी प्लॅस्टरकडे पाहिलं आणि कागद घेतले. अर्ज नवा होता, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात भरलेला. सोबत दोन्ही तक्रारींच्या प्रती होत्या.

"ही दुसरी तुझ्याविरुद्धची आहे. ही कशाला जोडलीस?"

"एकाच दिवशीच्या आहेत."

बाईंनी पहिली प्रत पुन्हा वाचली, शेवटपर्यंत. मग टाचणी काढून दुसरी प्रत तिच्याकडे परत सरकवली. "ही आम्ही मागितलेली नाही," त्या म्हणाल्या आणि बापाच्या चौकटीत 'लागू नाही' असं लिहून शिक्का मारला.

मदत मंजूर झाली. खटला मात्र चालूच राहिला. दर तारखेला मिस्त्री कोर्टाच्या एका भिंतीशी उभा असायचा आणि बारकी समोरच्या. त्याचा खांदा पुन्हा नीट वर गेला नाही, पत्र्याचं काम सुटलं. हे पेंटर काकांनी सांगितलं तेव्हा बारकीला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही.

कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात जिन्यात मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर हात टाकला. बारकी गर्रकन वळली. वर्गातली मैत्रीण होती, वही मागायला आलेली. ती दोन पायऱ्या खाली सरकली होती आणि बारकीच्या वर उचललेल्या मुठीकडे बघत होती.

"सॉरी," बारकी म्हणाली. हात तिनं खाली घेतला, पण मूठ उघडायला वेळ लागला. एकेक बोट सोडवावं लागलं.