पावातलं बाळ

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोल गोड पाव कापायचा. ज्याच्या तुकड्यात प्लास्टिकचं बाळ निघेल, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल करून घालायचे. हा रिवाज युलालियाने मेक्सिकोतून शिकागोत आणला त्याला बावीस वर्षं झाली. बाळ कुणालाही मिळो, तमालांचं मक्याचं पीठ मळायला आणि ते कणसाच्या पानांत भरून वाफवायला तीच. आता हॉटेलातल्या चौदा खोल्या आवरून आली की तिचे हात भरून येत.

"यंदा मी नाही," पाव कापतानाच तिने सांगितलं. "थकले मी. कुणी केलं नाही तर या घरातला सण संपला समजा."

पावात तीन बाळं आहेत, असं बेकरीवाल्याने बजावून सांगितलं होतं. पाव संपला, तरी सगळे चिडीचूप.

"बेकरीवाला विसरला वाटतं," थोरला मुलगा बेटो म्हणाला. बेटो म्हणजे घरातला कट्टर मेक्सिकन. दंडावर मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड गोंदवलेला, आणि भाचीला, ॲश्लीला, स्पॅनिश येत नाही म्हणून उठताबसता "मडम" म्हणणारा. बोलाचाच भात, बोलाचीच कढी.

भांडी आवरताना एक बाळ बेटोच्या चुरगळलेल्या कागदी रुमालात सापडलं, दुसरं सुनेच्या कॉफीच्या कपात. युलालियाला रडूसुद्धा आलं नाही. इतकी वर्षं आपण कुणासाठी मेलो, एवढंच वाटलं.

मागे ॲश्ली कोट चढवून उभी होती. तिने मूठ उघडली. तिसरं बाळ.

"तूपण लपवलंस?"

"मामा हसला असता गं. म्हणाला असता, मडम तमाल करणार." पोरगी इंग्रजीतच बोलत होती. "मला येत नाहीत आजी. शिकवशील?"

युलालिया खुर्चीवर टेकली. "हात लावणार नाही मी. बसून सांगेन."

दोन फेब्रुवारीला निम्मे तमाल फुटले, उरलेले घट्ट झाले. बेटोने वरचं पान सोडवून एक घास घेतला.

"तमाल आहेत की विटा? तरी म्हटलं, मडमला काय जमणार."

युलालियाने खिशातून बाळ काढून त्याच्या ताटलीत ठेवलं.

"हे तुझ्या रुमालात सापडलं," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, ॲश्लीला कळावं म्हणून. "खा गुपचूप. मेक्सिकन पोरीने केलेत."

बेटो मान खाली घालून खाऊ लागला. ॲश्लीने न विचारता त्याला आणखी एक वाढला.