मायनस बिलवाले बाबा

"मी बसतो तिथली वीज जात नाही. जाऊच शकत नाही. तिची हिंमतच नाही!" असं ऊर्जेश्वर महाराज माइकवर गरजले आणि लाईट गेली.

नुसती मांडवातली नाही. डोंबिवली पूर्वेचा आमचा अख्खा भाग गेला. माइक मेला, पंखे थांबले, आणि मे महिन्याच्या त्या संध्याकाळी मांडवात कोंबलेली पब्लिक अंधारात स्वतःच्या घामाचा वास घेत बसली. मला वाटलं, चला, सुटलो. आता लोक हसतील, बाबा मागच्या दाराने पळेल, आपण घरी जाऊन जेवू.

कसलं काय! स्टेजवर बाबा लुकलुकायला लागला. त्याच्या चंदेरी कफनीला आतून दिव्यांच्या माळा शिवलेल्या. गणपतीत आपण मखराला लावतो ना, सेलवर चालणाऱ्या, त्याच. निळं, हिरवं, निळं, हिरवं.

"बाबांनी सगळी वीज आत ओढली!" कुणीतरी किंचाळलं. झालं! बायका रडायला लागल्या. पुरुष लोटांगणं घालायला लागले. माझ्या पुढचे एक काका मोबाईल उंच धरून विचारत होते, "महाराज, चार्ज होईल का?"

मला तिथे नेलेलं आमच्या शेजारच्या विश्रामने. विश्राम आमच्याच मजल्यावर राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि त्या दिवशी स्टेजवर त्याचा सत्कार होता. कारण त्याचं लाईट बिल मायनसमध्ये आलेलं. खोटं नाही, मी स्वतः पाहिलेलं. भरायच्या रकमेपुढे उण्याची खूण आणि पुढे तीनशे चाळीस. त्याने ते लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवलेलं. "राजरत्न, आता मी कंपनीचं देणं लागत नाही, कंपनी माझं लागते," असं तो मला सांगायचा, आणि लिफ्टमध्ये भेटेल त्यालाही. लिफ्ट बंद असली तर जिन्यात.

लाईट आली. बाबाने कफनीतलं बटण दाबून माळा बंद केल्या आणि प्रवचन सुरू केलं.

"बालकांनो, प्लस म्हणजे काय? माया! मायनस म्हणजे काय? मोक्ष! मीटर विजेचे युनिट मोजत नाही रे, पापाचे मोजतं. शंभरपर्यंत पाप स्वस्त. पुढे स्लॅब बदलतो!"

पब्लिकने टाळ्या वाजवल्या.

बाबाचा उपाय सोपा होता. अकराशे रुपयांची चंदेरी 'सिद्ध पट्टी' घ्यायची आणि आपल्या मीटरवर चिकटवायची. मग संकल्पासाठी आपला कन्झ्युमर नंबर त्याचा चेला सिद्धेश याला सांगायचा. सिद्धेश तो टॅबमध्ये टाकताना डोळे मिटून ओठ हलवायचा. आणि एक व्रत पाळायचं: वीज कंपनीचा मेसेज उघडायचा नाही. कागदी बिल दर महिन्याला आधी बाबांच्या दरबारात आणायचं, तिथे सिद्धेश ते उघडणार. मायनस निघालं तर शंख फुंकणार. नाही निघालं तर तुमची श्रद्धा कमी.

त्या दिवशी नवीन स्कीम निघाली. 'अखंड मायनस'. वर्षभराच्या बिलाचे पैसे एकदम बाबांच्या चरणी ठेवायचे. मग बिल बघायचं नाही, भरायचं नाही, जन्मभर. पहिला नंबर विश्रामने लावला. खिशातून जाड पाकीट काढलं आणि परातीत ठेवलं.

ते पैसे कसले होते ते मला माहीत होतं, म्हणून मी उठून ओरडलो, "अरे विश्राम, ते इन्व्हर्टरचे आहेत!" पण शंख वाजत होता.

विश्रामच्या आईला, गंगूमावशीला, श्वासाचा आजार आहे. घरात ऑक्सिजनचं मशीन आहे, ते दिवसरात्र चालतं. लाईट गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद की मावशीचे ओठ निळे. त्यासाठी शालनवहिनीने, म्हणजे विश्रामच्या बायकोने, शिवणकाम करून इन्व्हर्टरचे पैसे जमवलेले.

दुसऱ्या दिवशी शालनवहिनी आमच्याकडे आली आणि दर्शनासमोर बसली. दर्शना माझी बायको. म्युनिसिपाल्टीच्या शाळेत विज्ञान शिकवते.

"ताई, ते म्हणतात इन्व्हर्टर कशाला, बाबा आहेत. मी काय बोलू?"

"सासूबाई काय म्हणतात?"

सासूबाईंनी स्वतःच उत्तर दिलं. दोन्ही दारं उघडी होती. समोरच्या घरातून, नाकात नळी असताना, गंगूमावशी ओरडली, "खयचो बाबा नि कसलो बाबा! माजा मशीन कंपनीच्या लायटीर चलता! तेच्या कफनीर नाय!"

दर्शना उठली. "विश्रामभावोजींना बोलवा. मला ती पट्टी बघायचीय."

आमच्या बिल्डिंगचे सगळे मीटर खाली जिन्याच्या मागे एका खोलीत आहेत. बिल्डरने रंगवलेले नंबर कधीच पुसले गेले. विश्रामने टॉर्च मारला. चंदेरी पट्टी झळकली. वर हळद-कुंकू, खाली अगरबत्तीची राख.

दर्शनाने मीटरवरचा छापील नंबर वाचला. मग मोबाईलवर आमचं बिल काढून त्यातला मीटर नंबर वाचला. मग पुन्हा वाचला. आणि हसायला लागली.

"भावोजी, हा आमचा मीटर आहे."

विश्रामने टॉर्च मीटरच्या आणखी जवळ नेला. "नाही हो वहिनी!"

"तुमचा हा बाजूचा. कोरा. म्हणजे दोन महिने तुम्ही आमच्या मीटरची पूजा करताय. आणि आमचं बिल प्लसमध्येच आलंय, चांगलं घसघशीत. मायनस आलं तुमचं. पट्टी नसलेल्या मीटरचं."

एवढं झाल्यावर शहाणा माणूस काय करेल? विश्रामने क्षणभर विचार केला आणि हात जोडले. "बघा! बाबांची शक्ती! चुकीच्या जागी लावली तरी बरोबर घरी पोचली!"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दर्शना शांत होती. "मेसेज दाखवा मोबाईलवरचे. कंपनीचे."

"नाही. व्रत आहे."

"एकच."

"वहिनी, माझं मायनस जाईल!" असं म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी खिसा धरून पळाला.

त्या गुरुवारी दर्शना एकटी दरबारात गेली. सिद्धेशला म्हणाली, मी शाळेत आहे, स्टाफरूममध्ये चाळीस बायका आहेत, सगळ्या माझं ऐकतात, आधी माझं होऊ दे. सिद्धेशच्या डोळ्यांत चाळीस गुणिले अकराशे चमकले. दर्शनाने अकराशे दिले, पट्टी घेतली, एक कन्झ्युमर नंबर सांगितला आणि घरी येऊन पट्टी कचऱ्याच्या डब्यावर चिकटवली.

"नंबर कुणाचा दिलास?" मी विचारलं.

"मार्केटमधल्या सार्वजनिक संडासाचा."

तो संडास धोंडीबा नावाचे गृहस्थ चालवतात. दर्शनाचा विद्यार्थी त्यांचा नातू. त्यांना सगळं सांगून, त्यांच्या परवानगीने नंबर घेतलेला. ते एवढंच म्हणालेले, "बाई, देव आमच्याकडे आला तर त्याला दोन रुपये माफ."

मग जून गेला. विश्रामला बिलाचं विचारलं की तो वर बोट दाखवायचा. एसी सोळावर. कंपनीचे मेसेज टुंग-टुंग येत होते आणि दर टुंगला तो डोळे मिटून नमस्कार करत होता. कागदी बिलं दरबारात गेली ती परत आलीच नाहीत. 'अखंड' वाल्यांना दाखवत नाहीत म्हणे.

जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी दारावर धडाधडा थापा पडल्या. शालनवहिनी. "ताई, लाईट! आईंचं मशीन!"

आमची लाईट चालू होती. मी खिडकीतून पाहिलं. खाली कंपनीची दोन माणसं मीटर रूममधून बाहेर पडत होती. विश्रामचं कनेक्शन कापलेलं.

मावशी पलंगावर उठून बसलेली, दोन्ही हात गादीत रुतवून. तोंड उघडं. आवाज नाही. ती शिव्या देत नव्हती, तेव्हाच मी घाबरलो. मी आमच्या हॉलमधून एक्स्टेन्शन ओढली. पुरेना. टीव्हीमागची दुसरी तिला जोडली. शालनवहिनी प्लग लावत होती, जाईना. गेला. मशीनने एक ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि सुरू झालं. आम्ही सगळे मावशीच्या ओठांकडे बघत राहिलो, ते परत माणसाच्या रंगाचे होईपर्यंत.

आणि मग विश्राम बोलला. देवाशप्पथ, हे बोलला: "बघितलंत? पट्टी असलेल्याच मीटरची वीज आईला वाचवायला आली!"

"आली," दर्शना म्हणाली, "कारण आम्ही बिल भरलंय."

तिने मोबाईल काढला. "शालनवहिनी, तुमचा कन्झ्युमर नंबर सांगा." वहिनीने सांगितला. दर्शनाने तो टाकला. विश्रामचं नाव आणि थकबाकी आली. दर्शनाने सगळी भरली, वर शंभर जास्तीचे टाकले. विश्रामच्या खिशात टुंग झालं. त्याचे हात सवयीने जोडले जाणार, एवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"उघड मेल्या तो मेसेज!"

आईपुढे व्रत कुठलं टिकतंय! त्याने उघडला. अमुक रक्कम मिळाली, धन्यवाद. त्याच्या वर: अंतिम सूचना, वीजपुरवठा खंडित होईल. त्याच्या वर: नोटीस. त्याच्या वर: आठवण. आणि सगळ्यात वर, बाबांची पहिली भेट झाली त्याच आठवड्यातला: अमुक रक्कम मिळाली, धन्यवाद.

"ही रक्कम तुम्ही भरलेली?" दर्शनाने विचारलं.

विश्रामने मान हलवली. नाही.

"नंबर माहीत असला की कुणीही कुणाचंही बिल भरू शकतं, भावोजी. मी आत्ता भरलं. जास्त भरलं की जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वजा होतात. ते तुमचं मायनस. पुढच्या बिलात तुमचेही शंभर वजा होतील. घ्या, मी पण महाराज झाले."

संध्याकाळपर्यंत कनेक्शन जोडलं गेलं. पण दर्शना त्याआधीच मांडवात पोचली, मागे मी, मागे विश्राम, आणि आमच्याबरोबर इस्त्रीचा शर्ट घातलेले धोंडीबा, हातात नुकतंच आलेलं बिल घेऊन.

"महाराज," दर्शना माइकपाशी गेली, "या गृहस्थांचं बिल मायनसमध्ये आलंय!"

शंख वाजला. बाबाने हात उंचावले. "श्रद्धा, बालकांनो, श्रद्धा! कोणतं हे पुण्यवान घर?"

"मार्केटमधला संडास," धोंडीबा म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून एक पोरगी खिदळली आणि हसू मांडवभर पसरलं.

"तिथे पट्टी लावलेली नाही," दर्शना म्हणाली. "पट्टी माझ्या कचऱ्याच्या डब्यावर आहे, त्याला बिल येत नाही. मी फक्त नंबर दिलेला. या महाराजांनी गुपचूप त्या नंबरवर पैसे भरले. तुमच्याकडून अकराशे घ्यायचे, पहिल्या काही जणांच्या खात्यात त्यातलेच थोडे भरायचे, की बाकीचे तुम्हीच आणता. मोबाईल काढा. कंपनीचे मेसेज उघडा. सगळ्यांनी."

मांडवात शेकडो मोबाईल उजळले. कफनीपेक्षा जास्त उजेड पडला. कुणाला 'रक्कम मिळाली' सापडलं, बहुतेकांना थकबाकी. एक ठाण्याच्या बाई चष्मा सारखा करत पुढे आल्या. "अरे, हा तर आमच्या खोपटला बिलं भरायचं दुकान चालवायचा! माझे सुट्टे पैसे कधी दिले नाहीत याने!"

बाबाने शेवटचा प्रयत्न केला. "जिथे घाण, तिथेच कृपा होते, बालकांनो..." पण घाम कफनीत उतरलेला. आत काहीतरी चुर्र झालं आणि महाराज "आई गं!" करून उडाले. सेलचा डबा तापलेला. सिद्धेशने परात उचलली, ती धोंडीबांनी धरली. पोलीस येईपर्यंत ते परातीवर बसून होते.

तक्रार झालीय, जादूटोणाविरोधी कायद्याखाली आणि फसवणुकीची. परातीतले पैसे वाटून इन्व्हर्टरचे निम्मेच आले. बाकीचे विश्राम हप्त्याने भरतोय. आणि सगळ्यात किळस कशाची येते सांगू? बाबाची नाही, तो चोरच होता. दुसऱ्या गुरुवारी रिकाम्या मैदानात सहा-सात जण पट्ट्या घेऊन उभे होते, बाबा कधी येणार विचारत, त्यांची. त्यात एक इंजिनिअर होता.

म्हणून सरळ सांगतो. कंपनीचा मेसेज उघडा. मीटरचा नंबर एकदा बिलाशी जुळवून बघा. पैसे जास्त भरले असतील तर ते तुमचेच आहेत, पुढच्या बिलात वजा होतील, त्याला आरती लागत नाही. आणि न भरता बिल मायनस आलं तर हात जोडू नका, हातात मोबाईल घेऊन कुणी भरलं ते शोधा. घरात कुणाचा तरी श्वास त्या वायरीवर असतो.

विश्रामला आता फार लाज वाटते. परवा रविवारी त्याने प्रायश्चित्त म्हणून मीटर रूममधल्या, त्याच्या नादाने इतरांनीही लावलेल्या, सगळ्या पट्ट्या पातं घेऊन एकट्याने खरवडून काढल्या. आमच्या मीटरवरची जास्त घट्ट बसलेली. ती काढताना मीटरचं सील तुटलं. काल आम्हाला मीटरमध्ये छेडछाड केल्याची नोटीस आली.