गाडीवर संपलेला पिच्चर

सांगलीत हळदीच्या पेढीवर मापाडी असलेल्या नाथाजीला दोनच गोष्टी नीट कळायच्या, हळद आणि पिच्चर. हळद पोटासाठी. पिच्चर कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या साली एक रंगीत मराठी पिच्चर आला होता. नवऱ्यावर रुसून बाई बैलगाडीत बसते आणि माहेराला निघते. लोक त्याला बैलगाडीवाला पिच्चर म्हणायचे. नाथाजीनं तो इतक्यांदा बघितला की दारावरचा तिकीट फाडणारा त्याला नुसतं "आज बी?" म्हणायचा.

त्यावरनं त्याचं आणि लालासाहेबाचं रोज वाजायचं. लालासाहेब साताऱ्याचा, पलटणीतनं सुटून आलेला, आता पेढीचा ट्रक चालवायचा. त्यानं तोच पिच्चर साताऱ्यात बघितला होता.

"गाडीत बसती तवा तिचं लुगडं निळं हाय," लालासाहेब म्हणायचा.

"हिरवं हाय. गर्द हिरवं."

"तुमच्या टाकीजात बी हळद उडती गड्या. निळ्यावर हळद बसली की हिरवंच दिसणार."

"आन शेवटाला ती परत येती, तवा बी त्येच लुगडं असतंय."

"कोण परत येती? गाडी वळणाआड गेली आन पिच्चर संपला. मी सोता बघितलाय."

"साताऱ्याच्या आपरेटरनं कापला असंल."

"आमचा कापतोय, मग तुमचा काय घरात शूटिंग करून जोडतोय?"

चहावाला हसायचा. नाथाजीला मात्र झोप लागायची नाही. पुढं कोल्हापुरात नवी कोरी प्रिंट लागल्याचं कळलं. नव्या प्रिंटचा रंग खरा, तिथं निकाल लागणार. त्या दिवशी बायको, विजयमाला, तापानं फणफणली होती. त्यानं उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, गोळ्या ठेवल्या, आणि एस्टी धरली. रात्री परत आला तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"हिरवंच हाय," तो म्हणाला.

ताप उतरला तशी ती कवठे महांकाळला माहेरी गेली, भाचीच्या बारशाला म्हणून. बारसं झालं, पोरगी पालथी पडायला लागली, तरी ही आली नाही. त्यानं दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा उलटा निरोप आला, "बघू."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, मिटवता तरी आलं असतं. सांजचं खोलीवर जाऊन स्टो पेटवायचाही त्याला कंटाळा यायला लागला. लालासाहेबाशी वाद घालतानाही मधेच दमायचा आणि म्हणायचा, "बरं, निळं तर निळं." लालासाहेबालाच मग करमायचं नाही.

अशात कळलं की कवठे महांकाळात फिरत्या टाकीजचा तंबू पडलाय आणि त्यात बैलगाडीवाला पिच्चर लागलाय. नाथाजीच्या डोक्यात दिवा लागला. आपल्याला बोलता येत नाही. पण शेवटाला ती बाई परत येते. ते विजयमालानं बघितलं, की आपण काही बोलायची गरजच नाही.

शनिवारी पेढीवरनं तो थेट सासुरवाडीला गेला. सासूनं, रंगुबाईनं, पाय धुवायला पाणी दिलं.

"मामी, पिच्चरला जाऊया समदी."

"इतक्या लांबनं पिच्चर दावाय आलासा व्हय जावयबापू?" रंगुबाई म्हणाली. विजयमालानं आतनं ऐकलं. नको म्हणाली नाही.

तंबूत मधे दोरी. इकडं बाप्ये, तिकडं बायका. नाथाजी दोरीला लागूनच मातीत बसला. प्रिंट इतकी फिरून आली होती की रंग म्हणून राहिला नव्हता. बैल गुलाबी, आभाळ गुलाबी, आणि लुगडं पावसात भिजलेल्या विटेसारखं. मशीन एकच, प्रत्येक रीळ बदलताना उजेड व्हायचा. तेवढ्यात तो दोरीपलीकडं बघायचा. विजयमाला गुडघ्यावर हनुवटी टेकून पडद्याकडं बघत बसलेली.

बाई गाडीत बसली. गाडी वळणाआड गेली. पडदा पांढरा झाला. आता शेवटचं रीळ, म्हणून नाथाजी नीट सावरून बसला. तर लोक उठून कपडे झटकायला लागले.

तो मशीनकडं धावला. "आवं, पुढचं रीळ?"

तंबूवाला पेटीवर बसून भेळ खात होता. "हाय की पेटीत."

"मग लावलं का न्हाई?"

"ती परत आली की बायाबापड्या रडत बसत्यात. तंबू रिकामा व्हतोय कवा, दुसरा खेळ लावायचा कवा? गाडीवर संपवला की समदी पटाकदिशी उठत्यात."

"माझी बायको आलीया. तिनं बघायलाच पायजे. तेवढं लावा, पाया पडतो."

तंबूवाल्यानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. भेळेचा कागद खाली ठेवला. "बलवा. लावतो."

बाहेर रंगुबाई कंदील घेऊन उभी होती. विजयमाला पदर खोचत होती.

"चल आत," नाथाजीला धाप लागली होती. "पिच्चर संपला न्हाई. पुढं एक रीळ हाय. ती परत येती."

विजयमाला थांबली. "परत येती?"

"व्हय. सांगलीत असंच हाय. कोल्हापुरात बी."

"मग त्यो तिला काय म्हणतोय?"

नाथाजीनं तोंड उघडलं. त्याला समदं आठवत होतं. देवळीतला दिवा, दारातली संध्याकाळ, लुगड्याचा काठ. नवरा कुठं उभा असतो ते आठवत होतं.

"काय म्हणत न्हाई," तो म्हणाला. "ती येती आपली."

"आपली आपण?"

"व्हय."

"मग त्ये रीळ तुमीच बघा."

आतनं तंबूवाल्यानं हाळी दिली, लावू का म्हणून. नाथाजी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

तिघं वाटेला लागली. रंगुबाई काय समजली कोण जाणे, कंदील घेऊन झपाझपा पुढं गेली. अंधारात दोघांच्या चपलांचा तेवढा आवाज. घर काही लांब नव्हतं.

"त्या दिवशी," नाथाजी म्हणाला, "ताप लय व्हता का?"

"तांब्या लवंडला व्हता," ती म्हणाली. "उठून भरायचं बळ नव्हतं. शेजारच्या सुलाबाईला हाका मारल्या. त्या बी पिच्चरला गेल्या व्हत्या."

त्यानं चालणं हळू केलं. ती सांगत गेली. दार आलं तरी तिचं संपलं नव्हतं. ती उंबऱ्याच्या अलीकडंच उभी राहिली आणि उरलेलं सांगितलं, आवाज न चढवता, दमलेल्या माणसासारखं. तोही उभाच राहिला.

सकाळच्या एस्टीनं तो एकटाच सांगलीला गेला. निघताना विजयमालानं भाकरी बांधून दिली आणि विचारलं, "पुढच्या आईतवारी सुट्टी हाय का?"

"हाय."

"मग या," ती म्हणाली. "आजून लय सांगायचं हाय."