उम्म लमईचा स्लॅब

मी एक जुनं घमेलं आहे. मित्रांनो, घमेल्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. माल भरला की डोक्यावर चढायचं, ओतला की खाली यायचं, संपलं. पण एकदा एका बाईने मला पालथं घातलं आणि ती माझ्यावर बसली. मला जी काय थोडी अक्कल आली, ती त्या दिवशी.

माझा जन्म कैरोतला. पत्रेवाल्यांच्या गल्लीत तेलाचं जुनं पिंप कापून, ठोकून ठोकून मला गोल केलं. ते ठोके अजून आठवतात. मग तिथल्याच शुब्रा भागातल्या एका चर्चच्या सेवामंडळाने आम्हा बारा घमेल्यांना एकदम घेतलं. मंडळात शिक्षक होते, औषधवाले होते, बँकेतले कारकून होते. वर्षातून चार-पाच वेळा ही मंडळी बस भरून दक्षिणेला, मिन्याकडच्या खेड्यांत जायची आणि ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्यांच्या घरावर पक्का स्लॅब टाकून द्यायची. दुपारपर्यंत सगळ्यांच्या तळहातांना फोड यायचे, पण कुणी कुरकुर करत नसे. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो. त्यांचा म्होरक्या इंजिनियर रऊफ काम संपल्यावर मला स्वतः धुवायचा आणि "हे माझं गुणी घमेलं" म्हणायचा. मी हरभऱ्याच्या झाडावर!

मंडळाचे पाद्री अबूना यस्सा यांनी एक नियम घालून दिला होता. गरिबाच्या घरी चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. आधीच ओढाताण, त्यात आपला भार कशाला? जेवणाची पाकिटं कैरोहूनच यायची आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये उघडली जायची. नियम चांगल्या मनाने केलेला होता, म्हणून तो कुणाला लागत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मार्च महिन्यात, ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत, आम्ही इझबत सिद्रा नावाच्या वस्तीवर गेलो. तिथे उम्म लमई, म्हणजे लमईची आई, राहायची. नवरा वारलेला, आणि मुलगा लमई दूर दगडखाणीत कामाला. घरावर खजुराची खोडं आणि त्यावर बोरू. पावसात चिखल गळायचा, उन्हाळ्यात विंचू पडायचे. तिला स्लॅब हवा होता. पण तो कसा हवा, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्या भागात स्लॅबच्या दिवशी घरच्याने कामकऱ्यांना जेवू घालायचं असतं. माणसं उपाशी गेली तर त्या घराला भाकरी-मीठ लागलं नाही, असं म्हणतात. आदल्या वर्षी आमच्या मंडळाने त्याच वस्तीत बखीतच्या घरी काम केलं आणि नियमाप्रमाणे पाण्यालाही न शिवता निघून गेलं. तेव्हापासून वस्तीत त्याला 'भिकेचा स्लॅब' म्हणू लागले. बखीतची बायको चारचौघींत बसेनाशी झाली. हे मी मिक्सरजवळ उभ्या असलेल्या बायकांच्या बोलण्यातून ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो स्लॅब मीच तर वाहिला होता.

सेंट्रिंग नीट करता करता दुपार झाली. रऊफने हुकूम सोडला की आधी माल टाकून घेऊ आणि मग थेट बसमध्ये बसू. मिक्सर सुरू झाला. मी पहिल्याच खेपेसाठी पुढे सरकलो, एवढ्यात उम्म लमईने मला उचललं, शिडीच्या पायथ्याशी पालथं घातलं आणि वर बसली. आता वर जायला वाटच उरली नाही.

"खाला, उठा ना," रऊफ तिला मावशी मानून म्हणाला. "माल घट्ट होईल."

"होऊ दे. आधी जेवा, मग चढा."

रऊफने समजावलं, हात जोडले, घड्याळ दाखवलं. ती ढिम्म. शेवटी अबूना पुढे आले आणि म्हणाले, "बाई, आम्ही सेवा करायला आलोय, खायला नाही."

"अबूना, पुण्य सगळं तुम्हीच बसमध्ये भरून नेणार? मला थोडं ठेवा की."

आवाज कसा खणखणीत होता! पण मित्रांनो, मी तिच्या खाली होतो, म्हणून मला एकट्याला कळलं की ती थरथरत होती. ही माणसं चिडून निघून गेली तर ना स्लॅब राहणार, ना मान. तिने सगळं पणाला लावलं होतं. मी जमिनीला जितकं घट्ट धरता येईल तितकं धरून राहिलो.

अबूनांनी एकदा तिच्याकडे, एकदा वरच्या सेंट्रिंगकडे पाहिलं. मग चपला काढून तिने दारात अंथरलेल्या चटईवर जाऊन बसले आणि म्हणाले, "काय केलंय?"

मसूर होता, लोणच्यातली लिंबं होती, आणि दोन दिवस उन्हात पीठ फुगवून भाजलेल्या जाड भाकरी होत्या. उपवासाला चालणारं सगळं, दूध-अंड्याचा कण नाही. अबूनांनी बसमधली पाकिटंही मागवली आणि त्याच चटईवर सोडली. रऊफचा जीव मात्र मिक्सरमध्ये अडकलेला. तो सारखा उठून बघायला लागला, तेव्हा मिक्सर चालवणारा, वस्तीतलाच गवंडी हमदान भाकरी मोडत म्हणाला, "बसा हो इंजिनियरसाहेब. पहिला घाणा मी अर्धाच घातलाय, वाया गेला तरी थोडकाच जाईल. बाईंनी कालच सांगून ठेवलं होतं."

रऊफ आधी लाल झाला, मग इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी उम्म लमईनेच दिलं. संध्याकाळपर्यंत स्लॅब पडला, आणि त्याला वाईटसाईट नाव द्यायची कुणाची छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पलीकडच्या वस्तीत बुक्तोर नावाच्या म्हाताऱ्याकडे गेलो. उम्म लमई डोक्यावर चुंबळ ठेवून चालत तिथे आली आणि तिने मला उचललं. दिवसभर माल वाहिला तिने. जेवायच्या वेळी म्हातारा भिंतीआड जाऊन उभा राहिला. रऊफ हळूच म्हणाला, "आज जेवणाचं राहू द्या, खाला. त्याच्या घरात काही नाहीये."

तिने म्हाताऱ्याला हाक मारली. "काय आहे रे घरात?"

"कांदे," तो खाली बघून म्हणाला.

"मग आण की. आम्ही काय कांदा खात नाही?"

म्हाताऱ्याने दारातल्या दगडावर एकेक कांदा मुठीने फोडला आणि स्वतःच्या हाताने प्रत्येकाला दिला. शेवटचा कांदा रऊफला देताना तो त्याला म्हणाला, "सावकाश खा बाळा, कामाची घाई करू नकोस. घर आपलंच आहे." सकाळपासून तो मोठ्या आवाजात बोलला ते हे पहिलंच. मी कोपऱ्यात होतो. घमेल्याला रडता येत नाही, नाहीतर मी रडलो असतो.

आता मंडळ माल वर चढवायला यंत्र भाड्याने आणतं. मी चर्चच्या कोठीत मोडक्या खुर्च्यांखाली पडलोय. शेवटच्या दिवशी घाईत मला धुवायचं राहिलं आणि माल माझ्यात दगड होऊन बसलाय. म्हणून माझी विनवणी आहे, मित्रांनो. ज्याच्याकडून काम घेतलंत, ते भांडं असो की माणूस, त्याला तसंच टाकून निघू नका. आणि कुणाला काही द्यायला गेलात, तर घटकाभर त्याच्या चटईवर बसा. त्यालाही तुम्हाला काहीतरी द्यायचं असतं.